उपासाचं विष

साठ सालच्या आसपास मी अकोल्यात एका हायस्कुलात रसायनशास्त्र शिकवत होतो. शेजारच्या वकीलसाहेबांनी तेव्हा तेल्हाऱ्याकडच्या आपल्या शेतात साबुकंद लावला आणि तिथेच साबुदाण्याचा कारखाना काढला. वऱ्हाडात पीक बुडेल, पण उपास बुडायचे नाहीत, हा त्यांचा होरा.

कंद किसून, धुऊन उरलेलं पांढुरकं पाणी सरळ नाल्यात जाई. गावानं त्या बाजूच्या खिडक्या लावून घेतल्या. "प्रगतीला थोडा वास असतोच," वकीलसाहेब म्हणत. ते स्वतः अकोल्यात राहत.

एके दिवशी ते पाणी पिऊन बकऱ्या तडफडून मेल्या. त्यांची मालकीण गावकऱ्यांना घेऊन थेट वकीलसाहेबांच्या बैठकीत आली. मीही तिथेच बसलो होतो.

"बाई, साबुदाणा उपासाला चालतो," वकीलसाहेबांनी युक्तिवाद मांडला. "मग त्याच्या पाण्यात विष कसं असेल?"

"मंग तुमी पिऊन दाखवा ना! आनलं हाये मी," म्हणत तिनं तांब्या टेबलावर आदळला.

साक्षीदार उलटल्यावर व्हावा तसा त्यांचा चेहरा झाला. तरी अब्रूपायी हात पुढे गेलाच. तेवढ्यात वकिलीणबाई आतून आल्या आणि तांब्या उचलून म्हणाल्या, "मास्तर, तुम्हीच सांगा काय ते. साबुदाण्यापायी मला माझं कुंकू नाही पुसायचं."

मी सांगितलं, कच्च्या कंदातलं विष धुताना पाण्यात उतरतं. ते पाणी उथळ टाक्यांत पसरून त्याला ऊन-वारा खाऊ द्यावा, म्हणजे विष उडून जातं. शेवटी चुन्यानं आंबटपणा मारावा.

"एवढी जमीन सांडपाण्याला?" वकीलसाहेब कळवळले आणि त्यांनी समिती नेमली. समितीनं खिचडी खाल्ली आणि पाण्यात कापूर टाकायचं ठरवलं. नाल्याला देवळाचा वास येऊ लागला, विष तसंच राहिलं.

अखेर वकिलीणबाईंनी शेतावर मुक्काम ठोकून टाक्या खणून घेतल्या. बाईला नव्या बकऱ्याही त्यांनीच दिल्या. शेवटच्या टाकीत मी मासे सोडले, ते जगले, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

लगोलग वकीलसाहेबांनी एका पुढाऱ्याच्या हस्ते टाक्यांचं उद्घाटन केलं. भाषणात म्हणाले, "मला पहिल्यापासूनच शंका होती."

"मंग आमच्या बकऱ्यायले काहून नाई सांगतलं?" बाई गर्दीतून ओरडली. सभा खदखदून हसली. वकिलीणबाई सगळ्यांत मोठ्यानं.

पुढे काळ्या चिकट जमिनीत कंदच सडू लागले. कारखाना बंद पडला आणि वकीलसाहेबांनी मुकाट्यानं पुन्हा कापूस पेरला.