आखराचं मतदान

आमच्या गावात बैठक कधी लवकर संपली नाही. एखादा माणूस मान खाली घालून चूप बसला, की त्याचा नकार आहे हे सगळ्यांना कळायचं. मग कोणीतरी सरकून त्याच्याजवळ बसायचा, तंबाखूची डबी पुढे करायचा. "बोल ना गा, काय म्हननं हाय तुह्यं?" तो बोलेपर्यंत काही ठरायचं नाही. मला त्याचा भारी वैताग यायचा.

म्हणून गावाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप माझ्या हाती आल्यावर मी पोल टाकू लागलो. मी यवतमाळला, अर्धं गाव पुण्याला; बैठकीला येतं कोण? बोटानं दाबलं की झालं. सगळ्यांना आवडलं.

यंदाचा पोल आखराचा होता. आखर म्हणजे गावाबाहेरची मोकळी जागा; सकाळी गावभरची गुरं तिथे जमतात. तिथे व्यायामाची यंत्रं बसवायची का? हो की नाही. माझे बाबा गावचे ढोरकी, जमलेली गुरं चरायला नेणारे. आखर गेला तर सकाळी उठून त्यांनी करायचं काय, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. पुण्यातून 'हो' दाबणाऱ्यांकडे तर शेळीसुद्धा नाही.

'हो' जिंकलं. अंगठे आले, टाळ्या आल्या. महिनाभरात फरशी बसली आणि लोक आपापली गुरं दारातच बांधू लागले.

मी गावी गेलो तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. बाबा आंघोळ करून ओट्यावर बसले होते. त्या वेळेला मी त्यांना घरी कधी पाहिलं नव्हतं.

"मी त चूपच होतो," ते म्हणाले. रागावले नव्हते, खरंच विचारत होते. "मंग ठरलं कसं?"

मतं कशी मोजतात ते मी सांगितलं. जो काहीच दाबत नाही तो मोजणीत येत नाही, हेही सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"पन तुले त दिसलं असन ना?"

दिसलं होतं. पोल कोणी कोणी वाचला ती यादी मी त्याच दिवशी उघडली होती. वाचणाऱ्यांत बाबा होते, मत देणाऱ्यांत नव्हते. फोन करावा असं मनात आलंही होतं. पण ते बोलले असते तर सगळ्यांना पुन्हा बसावं लागलं असतं.

"नाही," मी म्हणालो. "लक्ष नव्हतं माझं."

लाज वाटायला हवी होती. काहीच वाटलं नाही. बाबांनी मान हलवली. त्यांना ते लगेच खरं वाटलं.