निंबाखालचा ओटा

नगरपालिकेच्या त्या मॅडम पांढुर्ण्यातल्या आमच्या मोहल्ल्यात कोणाला काय हवं, ते विचारत फिरायच्या. प्रत्येक घरी चप्पल काढून आत बसायच्या, पाणी मागायच्या आणि कोणाचं बोलणं मधेच कधी तोडायच्या नाहीत.

मग देवळात सभा भरली. पुरुषांनी मोठी कमान मागितली. तिच्यासाठी रस्त्यावरचा कडुनिंब पाडावा लागणार होता. मॅडम खुर्चीवरून उठल्या आणि मागे बायकांमध्ये सतरंजीवर जाऊन बसल्या.

"काकू, तुम्हाले काय पाह्यजे?"

आमच्या शेजारच्या काकू आधी लाजल्या, मग म्हणाल्या, "बजारातून येता येता गुडघे दुखून राहिले, बसाले जागा नाही. त्या निंबाखाली ओटा बांधून द्या ना, बाई."

कमान मागणाऱ्यांत काकूंचे यजमानही होते; सगळ्यात आधी ते काकाच मोठ्यानं हसले. "द्या, बाई. कमान राहू द्या."

ओटा झाल्यावर मॅडम पाहायला आल्या. संत्री सोलत बायका इतक्या दाटीनं बसल्या होत्या, की मॅडमना टेकायलाही जागा नव्हती. त्या उभ्यानंच फोडी खात मला, मोहल्ल्यातल्या शाळामास्तराला, म्हणाल्या, "सर, ओटा लहान बांधला ना आम्ही!"

स्वतःची चूक इतक्या आनंदानं सांगणारं सरकारी माणूस मी पहिल्यांदाच पाहिलं.