टपलीचा पिस्टन, सोबतीचा पिस्टन

"आधी भोक बघा," असं म्हणायचं, डावा डोळा मिटायचा आणि हातातली वस्तू उजेडाकडे धरून तिच्यातून आरपार पाहायचं. उस्तादांची ही सवय ज्यांनी पाहिली नाही त्यांना ती सांगून पटणार नाही. वस्तू कोणतीही चालायची. स्टोव्हचा बर्नर, माझं शाईचं पेन, नळाची तोटी, पंचवटीतल्या हॉटेलातली मिठाची डबी. पाहून झालं की एक फुंकर मारायची आणि निकाल द्यायचा, "काजळी हाय." मिठाच्या डबीत काजळी कुठून येणार, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "भाऊसाहेब, ओलं मीठ म्हंजे डबीची काजळीच की." मी मिसळ खात होतो, म्हणून वाद घातला नाही.

सत्तरच्या दशकात मी नाशिकला सातपूरच्या पुढे त्र्यंबक रस्त्याला एका लहानशा सरकारी प्रशिक्षण केंद्रात कारकून होतो. धरणं, खजिने अशा ठिकाणी पहारा देणाऱ्या जवानांना तिथे शिकवत. आता ते केंद्र राहिलेलं नाही. उस्ताद तिथल्या शस्त्रागाराचे मिस्त्री. मूळचे निफाडकडचे, फौजेतून हवालदार होऊन निवृत्त झालेले. रायफल उघडायची, पुसायची, दुरुस्त करायची आणि जवानांना ती समजावून सांगायची, एवढंच त्यांचं काम. पण समजावून सांगणं हा प्रकार ते जवानांपुरता ठेवत नसत, ही आमची रड होती.

तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल, की ज्याला जगातली एकच गोष्ट पुरती कळलेली असते आणि बाकीचं सगळं जग तो तिच्यावरून ओळखतो. उस्तादांना रायफलीतला गॅस कळला होता. सायकलचा पंप हातात घेऊन ते सांगायचे, "गोळी पुढं जाती. तिच्या मागचा थोडा गॅस ह्या भोकातून चोरायचा. त्यानं पिस्टन ढकलायचा. पिस्टननं मागचं दार उघडायचं, रिकामं काडतूस बाहेर, भरलेलं आत. माणसानं फकस्त घोडा दाबायचा." मी शस्त्राला आयुष्यात हात लावला नाही, पण हे मला आजही झोपेतून उठवून विचारा.

यात त्यांच्या मते तीन जाती होत्या. आमच्याकडची एसएलआर रायफल ही टपलीची. तिचा पिस्टन मागच्या भागाला एक टपली मारतो आणि आपल्या जागी परत येतो. दुसरी चिनी. ती लढाईत हाती लागलेली एक रायफल शिकवण्यापुरती आमच्याकडे होती. तिचा पिस्टन सोबतीचा, म्हणजे ज्याला ढकलायचं त्याच्याबरोबर शेवटपर्यंत जाणारा आणि त्याला घेऊनच परत येणारा. तिसरी अमेरिकन. ती नाशकात कुणी पाहिलेली नव्हती, पण उस्तादांनी पाहिली होती. साठच्या दशकात आपल्या सरकारची माणसं शांतता कमिशनवर व्हिएतनामला गेली, त्यांच्याबरोबर तेही होते. त्या रायफलीत पिस्टनच नव्हता. गॅस एका बारीक नळीतून थेट तिच्या पोटात यायचा. "चुलीचा धूर नळी लावून देवघरात सोडला, तसं झालं की हो हे," असं म्हणताना त्यांचा चेहरा खरोखर दुखावलेला असायचा. तिकडच्या चिखलात ती अडायची म्हणे, आणि पोरं ती दातकोरण्यानं साफ करत बसायची.

त्यावर त्यांनी तोडगाही काढला होता. त्या रायफलीचे दोन खिळे काढले की वरचं धड आणि खालचं धड वेगळं होतं. मग खालचं तसंच ठेवायचं आणि वरचं नवं बसवायचं, पिस्टनवालं. पिस्टन टपलीचा की सोबतीचा, एवढाच प्रश्न उरतो. तो प्रश्न त्यांना दहा वर्षं पुरला. टपलीचा हलका, पण काजळी साचली की टपली कमी पडते. सोबतीचा जड, पण चिखल असो की वाळू, काम टाकून माघारी येत नाही. सोमवारी ते एका बाजूचे असत आणि गुरुवारी दुसऱ्या.

मग ही मापं माणसांना लागू लागली. आमच्या केंद्राचे प्रमुख साहेब टपलीचे, कारण ते हुकूम देऊन केबिनमध्ये परत जायचे. युनियनचा सेक्रेटरीही टपलीचा. मला त्यांनी बिनपिस्टनचा ठरवलं होतं. "वरून आलेलं सगळं तुम्ही पोटात घेता भाऊसाहेब, मंग तुमचं पोट बिघडतं." माझं पोट खरंच बिघडायचं, त्यामुळे मला फार राग आला होता.

सोबतीच्या जातीतली त्यांना आख्ख्या नाशकात एकच व्यक्ती सापडली होती, ती म्हणजे त्यांची बायको. हे त्यांनी वहिनींना तोंडावर सांगितलं, कौतुक म्हणून. वहिनी तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता मला म्हणाल्या, "भावजी, लग्नात हार घालताना ह्यांचं ध्यान कुठं व्हतं, इचारा. बँडवाल्याच्या पिपाणीत."

"काजळी व्हती तिच्यात," उस्ताद म्हणाले.

अमेरिकेच्या कारखान्याला कळवलंच पाहिजे, असं एके दिवशी त्यांच्या मनानं घेतलं. त्यांनी मराठीत सांगितलं आणि मी इंग्रजीत टाइप केलं: अमेरिकन रायफल कारखान्याचे मॅनेजरसाहेब यांस, सप्रेम नमस्कार, आपली रायफल देखणी आहे परंतु. सोबत पेन्सिलीनं काढलेलं चित्र, दोन्ही पिस्टनांची तुलना, आणि शेवटी, घरच्यांना नमस्कार सांगावा. आता कबूल करतो की ते पत्र मी टाकलं नाही. पत्त्याच्या जागी नुसतं 'अमेरिका' लिहिलेलं पाकीट पोस्टात द्यायची मला लाज वाटली. ते मात्र दर महिन्याला विचारायचे, काही आलं का. मी म्हणायचो, लांबचं टपाल आहे उस्ताद. परवा माझ्या जावयानं संगणकावर दाखवलं, त्या रायफलीला आता पिस्टनवालं वरचं धड मिळतं आणि टपलीचा बरा की सोबतीचा, यावरून तिकडची माणसं हातघाईवर येतात. मी तोंडात मारल्यासारखा चष्मा पुसत बसलो.

तर उस्ताद अठ्ठावन्न वर्षांचे झाले आणि त्यांच्या मुदतवाढीचा कागद निघाला. दोन वर्षं मिळाली तर मिळाली. ती मिळावीत म्हणून त्यांचा जीव टांगणीला लागला होता, आणि ते लपवायची कला त्यांच्याकडे नव्हती. "घरी बसलो तर मी मरंन भाऊसाहेब," असं त्यांनी मला चहाच्या टपरीवर सरळ सांगितलं. मुंबईहून एक मोठे साहेब येणार होते. ते दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी प्रात्यक्षिक पाहणार आणि मगच सही करणार होते. उस्तादांनी त्यांच्यापुढे एसएलआर उघडून दाखवायची आणि चालवून दाखवायची होती.

मध्ये आली खंडेनवमी. त्या दिवशी आमच्याकडे शस्त्रांची पूजा व्हायची. घोंगड्यांवर रायफली मांडायच्या, झेंडूच्या माळा, हळदकुंकू, नारळ. उस्तादांचा नियम सगळ्यांना पाठ होता. कुंकू फक्त लाकडी दस्त्याला. "लोखंडाला बोट लागलं तर बोट काढून घोंगडीवर ठेवीन." एका जवानानं नव्या भक्तीच्या भरात नळीला टिळा लावला होता, त्याला त्यांनी आठवडाभर सगळ्या रायफली पुसायला बसवलं होतं.

त्या वर्षी पूजा नेहमीसारखी झाली, प्रसाद वाटला गेला, माणसं पांगली. दसरा झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मोठे साहेब आले.

उस्ताद त्या दिवशी इतकं छान बोलले की मी चकित झालो. चूल, देवघर, टपली, सगळं सांगितलं. साहेब हसले, मान डोलावली. मग उस्तादांनी रायफल खांद्याला लावली. पहिली गोळी गेली. दुसऱ्या वेळी घोडा दाबला तर नुसता टक्क आवाज. त्यांनी हातानं खेचून भरली. पुन्हा एक गेली, पुन्हा टक्क. जिचा फक्त घोडा दाबायचा, असं ते पाऊण तास सांगत होते, तिला प्रत्येक गोळीला हातानं ओढावं लागत होतं. मागच्या रांगेत कुणीतरी खुसखुसलं.

"दारूगोळा जुना असेल सर," आमचे प्रमुख घाईघाईनं म्हणाले.

 उस्तादांनी तिथेच बसून पुढचं बूच काढलं. पिस्टन येईना. लाकडी हातोडीनं ठोकला तेव्हा आला. त्याच्या डोक्यावर लालकाळं काहीतरी भाजून घट्ट बसलं होतं. त्यांनी ते नखानं खरवडलं, वास घेतला आणि त्यांचा चेहराच उतरला.

मोठे साहेब उठले. "दुपारपर्यंत लेखी अहवाल द्या, काय झालं त्याचा," म्हणाले आणि आत गेले. मुदतवाढीचा कागद त्यांच्याच बॅगेत होता.

उस्ताद माझ्या टेबलापाशी आले. दार लोटून घेतलं आणि खालच्या आवाजात सांगितलं. खंडेनवमीला सगळे गेल्यावर त्यांना राहवलं नव्हतं. उद्या-परवा आपलं सगळं हिच्यावर आहे, म्हणून त्यांनी तिचा पिस्टन बाहेर काढला, तेलात कुंकू कालवलं, त्याच्या डोक्याला लावलं, हात जोडले आणि पिस्टन परत आत घातला. "तिचा जीव तिथं हाय ना," ते म्हणाले. तीस वर्षं लोकांना दटावणारा माणूस. मला हसू यायला लागलं आणि त्यांच्याकडे पाहून ते गिळावं लागलं.

"हे कुणाला माहीत आहे?"

"तुमाला."

"मग झालं तर. जेवून या तुम्ही. अहवाल मी करतो."

मी झकास अहवाल टाइप केला. रायफलीच्या बनावटीतच दोष असावा, मिस्त्रींनी तो तत्परतेनं शोधून काढला, वगैरे. नोकरीत मी एवढं चांगलं इंग्रजी पुन्हा कधी लिहिलं नाही. ते घरून आले आणि म्हणाले, मराठीत वाचून दाखवा. मी वाचलं.

"बनावटीत दोष म्हंजे हिला मोडीत काढत्याल," ते म्हणाले.

"काढतील. तुमची दोन वर्षं तर वाचतील."

"तिचा काय दोष हाय पण? मी अठ्ठावनचा. ती अजून ईस वर्सं चालंल."

माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "उस्ताद, ते लोखंड आहे. घरात बायको आहे तुम्हाला, तिचा विचार करा."

"तिलाच इचारून आलो," ते म्हणाले. "ती म्हणली, खरं लिवा. मी हाय."

मी कागद मशिनमधून काढून फाडला. नवा लावला आणि ते सांगतील तसं टाइप केलं. रायफल उत्तम आहे. पिस्टनच्या डोक्याला कुंकू लावले गेले. लावणारा मी स्वतः. खाली त्यांनी सही केली आणि फौजेतला आपला नंबर लिहिला, तो कुणी मागितलेला नसताना.

फाइल चार दिवसांनी परत आली. मोठ्या साहेबांनी लाल शाईनं दोन वाक्यं लिहिली होती. 'माणूस प्रामाणिक आहे. मुदतवाढ देऊ नये.' हे मला वाचून दाखवावं लागलं. उस्ताद ऐकत उभे राहिले.

"रायफलीचं काई लिवलंय?"

"काही नाही."

"मंग ठीक," ते म्हणाले, आणि शस्त्रागाराच्या किल्ल्या माझ्या टेबलावर ठेवल्या. त्या दिवशी मला त्यांचा आणि मोठ्या साहेबांचा सारखाच राग आला होता. रडूही येत होतं, ते मी फाइलींत तोंड घालून लपवलं.

ते गावी गेले. मेले वगैरे काही नाहीत. निफाडकडे तेव्हा द्राक्षबागा वाढत होत्या, आणि बाग आली की औषध मारायचा पंप आला. पंपात पिस्टन असतो. पंचक्रोशीतले पंप त्यांच्या ओट्यावर येऊन पडायचे आणि बागायतदारांना तुलना ऐकून घ्यावी लागायची. मी दोनदा जाऊन आलो. मग पुढे जमलं नाही. आज जाऊ, उद्या जाऊ, असं करता करता वर्षं गेली, आणि याचं कारण मला देता येत नाही.

ऐंशीचं दशक अर्धं सरल्यावर आमचं केंद्र बंद झालं. हत्यारं दुसरीकडे जायची होती. चालू हत्यारांची एक यादी, मोडीतल्यांची दुसरी, आणि टाइप करणारा मीच. ती रायफल चालूच्या यादीत होती, शेऱ्याच्या रकान्यात 'उत्तम'. मी दोनदा नंबर ताडून पाहिला. रविवारी सकाळची एसटी धरली आणि ही बातमी द्यायला त्यांच्या गावी गेलो.

ओट्यावर एकही पंप नव्हता. वहिनी बाहेर आल्या आणि त्यांच्या कपाळाकडे पाहून मला सगळं कळलं. दिवाळीनंतर गेले म्हणाल्या, चार दिवसांच्या तापानं. तुमचा पत्ता गावला नाही, भावजी.

त्यांनी चहा केला.  ज्यासाठी आलो होतो ते मी सांगून टाकलं. रायफल चालू आहे, उत्तम शेरा आहे, पुढच्या ठिकाणी जातेय.

"कोणती?" त्या म्हणाल्या. "ती कुंकवाची?"

"हो."

"बरं झालं बाई," वहिनी म्हणाल्या. "माझं पुसलं, तिचं तरी ऱ्हायलं."

आणि त्या हसल्या, चांगल्या खळखळून हसल्या, आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावला. मी कपातला गार झालेला चहा संपवला आणि परतीच्या गाडीची वेळ विचारली.