न्यूट्रलचा स्क्रू

घरातल्या लाइटच्या बोर्डाचं काम लोकांना वाटतं तेवढं अवघड नसतं. लाल वायर फेजची, काळी न्यूट्रलची, हिरवी अर्थिंगची. कुठली कुठं जाते हे चार दिवसांत कुणालाही पाठ होतं. अवघड असतं ते आवळणं. वायर भोकात घालायची आणि वरचा स्क्रू फिरवायचा, काम एवढंच. पण कमी आवळला तर वायर सैल राहते, सैल वायर तापते आणि तापली की जळते. जास्त आवळला तर आतल्या तांब्याच्या बारीक तारा तुटतात, नाहीतर स्क्रूचे आटे जातात, आणि मग तो नुसता आवळल्यासारखा दिसतो. कुठं थांबायचं हे हाताला कळतं, असं आम्ही जुने वायरमन म्हणायचो. ठरलेल्या जोराला टक् करून थांबणारा स्क्रूड्रायव्हर बाजारात मिळतो म्हणे. त्याला आम्ही हसायचो.

पलूसला माझी तीस वर्षं याच कामात गेली. शिकलो सांगलीत, एका उस्तादाच्या हाताखाली. तो मला डोळे मिटून स्क्रू आवळायला लावायचा. "डोळं कशाला लागत्यात रं? स्क्रू आडला की बोटाला सांगतोय," म्हणायचा. त्याचा दुसरा नियम म्हणजे नवा बोर्ड दुसऱ्या दिवशी परत आवळायचा. तांब्याच्या तारा एक दिवस दबतात, जागा धरतात, आणि काल घट्ट असलेला स्क्रू आज थोडा फिरतो. तीस वर्षं मी हा नियम पाळला. न बोलावता दुसऱ्या दिवशी लोकांच्या दारात जायचो, मेन स्विच पाडून घराची लाइट बंद करायचो, सगळे स्क्रू बघायचो, चहा प्यायचो आणि परत यायचो. लोक म्हणायचे, याच्या हाताला गुण हाय. मलाही ते खरं वाटायचं.

मग बोटं गेली. शुगर मला बरीच वर्षं आहे. गोळी आठवली तर घ्यायची, गुऱ्हाळावर गेलं की गरम गूळ मात्र न विसरता खायचा, असा आपला कारभार. आधी शर्टाची बटणं लागेनात. मग खिशात हात घातला तर किल्ली आहे की नाणं, समजेना. डॉक्टरनं मला डोळे मिटायला लावले आणि नायलॉनचा एक केसाएवढा धागा बोटांच्या टोकांना लावून विचारत गेला, लागतंय का? मी अंदाजानं व्हय व्हय म्हणत गेलो. शेवटी तो म्हणाला, "काका, आत्ता तर मी लावलाच नाही."

हे मी कुणालाच सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. बायकोला सांगितलं, शुगर आटोक्यात हाय. वाईट वाटलं का, असं कुणी विचारलं असतं तर काय सांगणार होतो? काहीच वाटलं नव्हतं. पूर्वी मी एवढ्या-तेवढ्यावरून भांडणारा माणूस. बोटं गेल्यापासूनच्या दोन वर्षांत एकदाही कुणावर ओरडलो नाही, आणि बायको शेजारणीला सांगायची की वय झालं तसं शहाणं झाल्यात. जेवायचो, झोपायचो, कामावर जायचो. स्क्रू डोळ्यानं बघून आवळायचो. भरवसा वाटेना म्हणून वर अजून एक पीळ द्यायचो. तेवढा एक पीळच जास्त होत होता.

माझी एकुलती एक मुलगी साताऱ्याला दिली आहे. जावई फौजेत, कायम लांबच्या पोस्टिंगवर. घरात ती आणि सासू दोघीच. सासूबाईंच्या गळ्यात माळ आहे, त्यामुळे घरात अंडंसुद्धा येत नाही. गेल्या आषाढात त्यांनी वरच्या मजल्यावर दोन खोल्या काढल्या आणि सगळ्या घराचा बोर्ड नवा करायचा ठरलं. मुलगी फोनवर म्हणाली, "आप्पा, तुमीच या. दुसऱ्या कुणाचा हात लावून घ्यायचा न्हाई मला." नाही म्हणायला काय कारण सांगणार? गेलो.

सामान तिनं आणि मी मिळून आणलं. दुकानदार भला माणूस होता, सगळा माल चांगला दिला. बोर्ड जिन्यात बसवला. प्रत्येक खोलीची वायर आणली, टोकं सोलली, बारीक तारा पिळून एक केल्या. सगळ्या काळ्या वायरी न्यूट्रलच्या पितळी पट्टीत एकेक करून आवळल्या. शेवटी मेनकडून येणारी जाड काळी वायर घातली. घरातल्या प्रत्येक दिव्याचा, पंख्याचा, फ्रिजचा परतीचा रस्ता त्या एका स्क्रूखालून जातो. तो आवळला. घट्ट वाटेना. वाटणार कुठून? आणखी फिरवला, मग जोर लावून आणखी एकदा. स्क्रू मध्येच हलका झाला असणार. मला तो थांबल्यासारखा वाटला.

दुपारी तीनला लाइट चालू केली. मुलगी म्हणाली, "आप्पा, आज ऱ्हावा की. उद्या परत आवळून जावा. तुमचाच नियम हाय न्हवं?"

आमच्याकडं लेकीला पोर झाल्याशिवाय बाप तिच्या घरी मुक्काम करत नाही. चहा पितो, हल्ली जेवतोही, पण रात्र काढत नाही. तिच्या लग्नाला पाच वर्षं झाली होती. मी तिला म्हणालो, "नातवाचं तोंड बघाय येईन तवा ऱ्हाईन की." बोलून गेलो. ती माझी पिशवी भरायला लागली. मी पुढच्या आठवड्यात येतो म्हणालो आणि एसटी धरली. पुढच्या आठवड्यात गेलो नाही. पावसाचं निमित्त झालं, मग कंटाळ्याचं.

श्रावण लागला होता. दुपारी मी जेवत होतो आणि बायको मुलीशी फोनवर बोलत होती. फोन स्पीकरवर होता. मुलगी रडत होती.

"आई, चार दिवस झालं, घरात सुकट भाजल्यावानी वास येतोय. आत्तींनी दोनदा सैपाकघर धुऊन काढलं. आज म्हणाल्या, माळकऱ्याच्या घरात, आन् तेबी श्रावणात, चोरून काय आणून खातीस? मला पाण्याच्या हंड्याला हात लावू देईनात. देवाची शपत घेतली तरी इस्वास न्हाई."

बायकोनं विहीणबाईंच्या सात पिढ्या काढायला सुरुवात केली. माझा घास हातातच राहिला. बोर्डाचं प्लास्टिक आतल्या आत भाजायला लागलं की मासळीसारखा वास सुटतो. आमच्या धंद्यात जुन्या माणसाला हे ठाऊक असतं. आणि अशा वेळी एमसीबीचा खटका आपोआप पडत नाही, कारण करंट वाढलेला नसतो. नुसती सैल जागा तापत राहते, घर पेटेपर्यंत.

मी फोन ओढून घेतला. "लाइट बारीक-मोठी होती का?"

"व्हय. फ्रिज सुरू झाला की होती."

"वास जिन्यात जास्त येतोय?"

"व्हय आप्पा. पर तुमाला कसं कळलं?"

"आधी जा आन् मेन खाली पाड. दुसऱ्या कशाला हात लावू नको."

"आवं पर झालंय काय?"

"पाड म्हणतोय न्हवं!" दोन वर्षांत पहिल्यांदा मी ओरडलो होतो. बायको बघतच राहिली.

साताऱ्यात पोचायला संध्याकाळचे पाच वाजले. बोर्डाचं झाकण काढलं. न्यूट्रलची पट्टी एका टोकाला काळी ठिक्कर, जाड वायरीचं कातडं चार बोटं वितळून मागं गेलेलं. वायर ओढली तर सरळ हातात आली. निम्म्या तारा तुटलेल्या आणि स्क्रूचे आटे गेलेले, तो जागच्या जागी गरागरा फिरत होता. इतके दिवस वायर पट्टीत नुसती उभी होती. मी आवळला होता तो, माझ्याच हातानं. आता काळजात कळ येईल म्हणून वाट बघितली. आली नाही. जिन्यात उभा राहिलो फक्त.

विहीणबाई खालच्या पायरीवरून म्हणाल्या, "मग वास बोर्डाचाच हुता म्हणा की, पाव्हणं." सुनेकडं त्यांनी बघितलं नाही. वर म्हणाल्या, "आजकाल मालच डुप्लिकेट येतोय."

मुलगी तेच धरून बसली. "तर! आमच्या आप्पांच्या हाताचं काम कवा जळलंय का? त्या दुकानदारानंच फसवलंय. थांबा, त्याच्या तोंडावर टाकते ही पट्टी." राग माझ्याकडूनच गेलाय तिच्यात. जळकी पट्टी तिनं पिशवीत घातली, चपला घातल्या आणि तरातरा निघाली. गप्प राहिलो असतो तर सगळं निभावलं असतं. दुकानदारानं बिचाऱ्यानं दोन शिव्या खाल्ल्या असत्या आणि नवी पट्टी दिली असती. मी ती परत अशीच आवळली असती आणि रातच्या गाडीनं पलूसला गेलो असतो.

ती फाटकाला पोचली तेव्हा मी हाक मारली. "थांब. दुकानदाराची चूक न्हाई. माझी बोटं गेल्यात."

"गेल्यात म्हंजे?"

"कळत न्हाई काय. शुगरनं. स्क्रू आडला का न्हाई, मला समजत न्हाई."

ती परत आली. माझा हात हातात घेऊन तिनं बोटांची टोकं जोरात दाबली आणि माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मला तिची बोटं दिसत होती फक्त. विहीणबाई आत निघून गेल्या.

"आईला ठावं हाय?"

"न्हाई."

"आन् तशात तुमी त्या दिवशी ऱ्हायला न्हाईसा," ती म्हणाली. "मला पोर व्हायची वाट बघत बसला. आप्पा, पोर व्हायच्या आधी मीच जळून मेले असते की वो."

मी मान खाली घातली. त्या रात्री मी लेकीच्या घरी राहिलो.

नवी पट्टी तिनं आणली आणि स्क्रूड्रायव्हरही तिनंच धरला. मी पायरीवर बसून सांगत गेलो. जळकं टोक कापून टाक. सोलायचं ते भोकात मावेल एवढंच, तांबं बाहेर दिसता कामा नये, आणि कातडंही स्क्रूखाली जाता कामा नये. बारीक तार एकही बाहेर राहू द्यायची नाही. आता फिरव. ती फिरवत गेली आणि एका जागी थांबली. "आडला," म्हणाली. मी म्हणालो, आता अजून थोडा जोर दे, पण हिसका देऊ नको. मग वायर ओढून बघ. तिनं ओढली. हलली नाही. तिनं माझ्याकडं बघितलं, बरोबर का म्हणून. मला काय ठाऊक? मी मान हलवली.

सकाळी मेन पाडून तिनं सगळे स्क्रू पुन्हा बघितले. दोन थोडे फिरले. विहीणबाईंनी सुनेला हाक मारून हंड्यातलं पाणी आणायला सांगितलं. माफी मागितली नाही, पण पाणी तिच्या हातून घेतलं. मी पिशवी उचलली तशी मुलगी म्हणाली, "आप्पा, बोटं जाऊन किती दिस झालं?"

"दोन वर्सं."

"दोन वर्सांत किती घरांची कामं केलीसा?"

एसटीत बसून मी मोजत राहिलो. नवी घरं, दोन किराणा दुकानं, बालवाडीची खोली. इस्लामपूरपर्यंत मोजत होतो, तरी संपेनात.

दुसऱ्या दिवशी पहिल्या घरी गेलो. आमच्याच गल्लीतलं घर, बोर्ड आदल्या वर्षी केलेला. घरातली बाई गॅसपाशी भाकरी करत होती. मी म्हणालो, "मेन पाडून ठेवा. दुसरा वायरमन बोलवून बोर्ड परत आवळून घ्या. माझ्या हाताचं आता काय खरं न्हाई."

ती हसली. "आवं आप्पा, चेष्टा करताय व्हय? तुमच्या हाताचं काम हाय ते. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची न्हाई मी. लाइट लय झ्याक चाललीया."

मी सांगितलं, बोटं बधिर झालीत. ती म्हणाली, चांगली धडधाकट तर दिसत्यात. सातारची हकीकत सांगितली. ती म्हणाली, माल खराब असंल. मी तिसऱ्यांदा सांगायला लागलो तर ती म्हणाली, बसा, एवढी भाकरी झाली की चहा टाकते.

मी पुढं झालो आणि उजव्या हाताची तीन बोटं तिच्या तापल्या तव्याला टेकवून तशीच ठेवली.

ती किंचाळली. मनगटाला धरून तिनं माझा हात मागं खेचला, बोटांकडं बघितलं, माझ्या तोंडाकडं बघितलं. मग पिठाच्या हातानंच पळत गेली आणि मेन खाली पाडला.