पोराला चुकवून जाण्याची रीत

माझा धाकटा भाऊ वाशीमला विहिरीवरच्या जळालेल्या पाण्याच्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून देतो. वय बत्तीस, राहतो एकटा. दोनदा लग्न ठरलं आणि दोन्ही वेळा यानंच मोडलं. मुलगी फोनवर आपुलकीनं बोलायला लागली, जेवला का वगैरे विचारायला लागली, की याचा फोन उचलणं बंद. मागच्या हिवाळ्यात मी न कळवता त्याच्या दुकानात गेले, तर शर्ट खुंटीवर टांगल्यासारखा त्याच्या अंगावर लोंबत होता. दीड वर्षापासून शौचावाटे रक्त पडत होतं. त्यानं कोणाला म्हणून कोणाला सांगितलं नव्हतं. मी भर रस्त्यात त्याला चार शिव्या घातल्या, ऑटोत कोंबलं आणि दवाखान्यात नेलं.

मोठ्या आतड्याला सूज होती, आत जखमा होत्या, रक्त फार कमी झालं होतं. भरती करावंच लागेल, म्हणाल्या डॉक्टरीणबाई. मग त्यांनी विचारलं, लहानपणी पोटाची काही तक्रार होती का?

"नाही," तो म्हणाला.

"हो," मी म्हणाले.

बाईंनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मला सांगावंच लागलं.

आमचं गाव मानोऱ्याकडचं. दसरा झाला की आईबाप ऊस तोडायला जायचे, ते उन्हाळ्यात परत यायचे. आम्ही दोघं भावंडं काकूकडे. गावातून ट्रक निघायचा त्या सकाळी रडारड नको म्हणून बारक्या पोरांना चुकवून जायची रीतच होती. कोणी पोराला बकरीचं पिल्लू दाखवायला न्यायचं, कोणी लांबच्या हापशावर आंघोळीला. हे काम घरातल्या मोठ्या मुलीचं. मी दहा वर्षांची, तो चार वर्षांचा. मी त्याला कडेवर घेऊन ओढ्यावर खेकडे पाहायला न्यायची आणि ट्रक वेशीबाहेर गेला असेल असा अंदाज घेऊन परत आणायची. तो घरभर फिरायचा, कोठीमागं बघायचा, न्हाणीत बघायचा. रडायचा मात्र नाही. "पोरगी लई हुशार हाये, पोराले काही कळूच देत नाही," असं आई बायांना कौतुकानं सांगायची. मला त्याचा अभिमान वाटायचा, आणि आज त्याचीच सगळ्यात जास्त लाज वाटते.

आईबाप गेले की त्याचं पोट बिघडायचं. आठ-आठ दिवस जुलाब. "नखरे करून राह्यलं," काकू म्हणायची, आणि मग तीच मीठमिरच्यांनी नजरही उतरवायची. उन्हाळ्यात आई परत आली की हा तिच्याजवळ जायचाच नाही. ती उन्हानं काळी पडलेली, हात पसरून बसलेली, आणि हा काकूच्या पदरामागं. बाया हसायच्या, "पाहा वं, मायले वयखत नाही!" तो चांगलाच ओळखायचा. पंधरा-वीस दिवसांनी हळूहळू तिला चिकटायचा, मग तिनं न्हाणीत जायचीही चोरी. आणि तेवढ्यात पुन्हा दसरा यायचा.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. "यामुळंच हा आजार झाला असं मी म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. "याचं एकच एक कारण सापडत नाही. पण जवळचं माणूस कधी नाहीसं होईल याचा काही नेम नाही, अशी धास्ती लहानपणीच बसली तर पुढं शरीर निवांत होत नाही. आजार वाढायला तेवढंही पुरतं. औषधं देऊ आपण. कोणीतरी सतत त्याच्याजवळ मात्र राहा."

मला राग आला, पण तो काढायचा कोणावर? संध्याकाळी आईला फोन केला. ती म्हणाली, "पोटासाठी गेलतो वं बाई, हौसेनं नाही." हे तर मलाही माहीत आहे. आमचे वडील, बापू, आता नाहीत. आई गुडघ्यांनी अधू होऊन घरात बसली आहे. मी फोन ठेवला आणि जिन्यात उभी राहून रडले.

सतत जवळ राहायचं म्हणून मी रजा टाकली आणि त्याच्या खाटेशेजारी स्टूल घेऊन बसले. दोन दिवस, दोन रात्री. पाणी देत होते, पाय चेपत होते, नको म्हणाला तरी चेपत होते. तो छताकडे बघत पडून राहायचा, डोळे टक्क उघडे. झोपेविना औषधाचा काय उपयोग होणार, असं नर्स दोनदा बोलून गेली. तिसऱ्या दिवशी दुपारी वॉर्ड शांत झाल्यावर मला राहवलं नाही.

"मी तुले फसवत होती रे," मी म्हणाले. "ओढ्यावर नेऊन."

"मालूम हाये."

"कवा कळलं?"

"तवाच. ट्रकचा आवाज काय लपते का, ताई?"

"मंग रडला काहून नाही?"

"पयल्या साली रडलो होतो. तू घरी नव्हती तवा. माय ट्रकातून खाली उतरली, तं बापू साऱ्या लोकांसमोर तिच्यावर खेकसला. मंग मी ठरवलं, आपण ओढ्यावर जायाचं."

चार वर्षांचं पोर काय ठरवणार, असं मला म्हणायचं होतं. त्याऐवजी मी त्याचा हात धरला. त्यानं तो सोडवला नाही, पण त्या हातात जीवच नव्हता.

"मी आता कुठीच जात नाही," मी म्हणाले. "सारी रजा टाकली."

"ताई, रागावू नको," तो म्हणाला. इतक्या मऊपणानं तो माझ्याशी कधी बोलला नव्हता. "तू बसली का मले झोपच येत नाही. जवळ कोणी बसलं का ते कवा उठंल, याच्यावरच माह्यं सारं ध्यान राह्यते. कोणीच नसलं का मंग ते भेव नाही. तू जाय ना जराशी."

मी स्टूल उचललं आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन बसले. थोड्या वेळानं नर्स औषधाचा ट्रे घेऊन आत गेली आणि तशीच परत आली.

"झोपला तुमचा भाऊ," ती म्हणाली. "एकदम गाढ."