बुधवारचं दूध

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर माणूस नाही. उजव्या अंगाला मारुतीचं देऊळ, देवळाला पाठ लावून तालीम, तालमीला दगडी उंबरा. आतून शड्डूचे आवाज, तांबड्या मातीचा वास थेट पहिल्या रांगेपर्यंत. मग डावीकडून एक बाई येते. हातात पितळेची चरवी, चरवीच्या तोंडाला पळसाचं पान. चरवी उंबऱ्यावर ठेवते, आत न बघता "वस्ताद, दूध" एवढंच म्हणते आणि मागे फिरते. बाईमाणसानं तालमीचा उंबरा ओलांडायचा नाही, अशी रीत.

ही गवराबाई. गाव भोसरी, साल एकोणीसशे बावन्न. आता गावच्या माळावर यंत्रं धडधडतात. तेव्हा तिथं मटकी पिकायची आणि दिवस कलला की तितर ओरडायचे. फार देखणं गाव होतं, आणि माणसंही वाईट नव्हती. पुढचं सगळं ऐकताना एवढं ध्यानात असू द्यावं.

गवराबाईचा नवरा विहिरीच्या कामावर दरड अंगावर येऊन गेलेला. मागं राहिलं एक पडकं छप्पर, एक म्हैस आणि चौदा वर्षांचा गेनू. तरीही बुधवार तिचा होता. पैलवान पोसणं एका घराच्या आवाक्यातलं काम नव्हे, म्हणून घरांनी वार वाटून घेतलेले. ज्या पोराच्या अंगात कस दिसेल तो गावाचा, आणि त्याचं दूधही गावाचं. त्या वर्षी तो मान मुरारीचा होता. मुरारी सतरा वर्षांचा, मान बैलासारखी, चेहरा मात्र अजून लहान पोराचा. बुधवारी गवराबाईच्या घरात चहा बिनदुधाचा व्हायचा. तिला त्याचं काही वाटत नसे. लांबून हलगी वाजली, मुरारीनं कुणाला चीत केल्याची बातमी आली, की ती शेजारणीला ऐटीत सांगायची, "माज्या बुधवारानं पाडला त्याला."

गेनूच्या अंगात कस नव्हता. तो मुरारीचे कपडे सांभाळायचा, त्याचा लंगोट धुऊन वाळत घालायचा. त्याला तेवढ्यातच स्वर्ग होता.

चैत्रात चऱ्होलीला जत्रा भरली. आखाड्यात मुरारीसमोर उभा राहिला ज्योतीराम, तिथलाच, सोळा वर्षांचा काटकुळा पोरगा. बघणाऱ्यांनी मुरारीचीच कुस्ती धरली होती. ज्योतीरामनं पट काढला आणि भोसरीचा पैलवान आभाळाकडे बघत राहिला. परतीच्या वाटेवर ओढ्याशी भोसरीच्या पोरांना ज्योतीराम एकटाच पुन्हा भेटला. तो हसत म्हणाला, "भोसरीत दुधात पानी घालत्यात काय रं?" आणि पाणी प्यायला वाकला. मुरारीच्या हातात काठी होती, टोकाला लोखंडी कडं बसवलेली. त्यानं ती मागून डोक्यात घातली.

सगळे पळाले. मुरारी सगळ्यांत आधी पळाला. गेनू तेवढा थांबला. पडलेल्या पोराचं डोकं त्यानं मांडीवर घेतलं, ओंजळीनं पाणी आणून त्याच्या ओठांना लावत बसला. चऱ्होलीची माणसं धावत आली तेव्हा ज्योतीरामचा श्वास थांबला होता आणि गेनूचा सदरा रक्तानं भिजला होता.

तालमीचा वस्ताद तात्याबा त्या संध्याकाळी गवराबाईच्या ओट्यावर येऊन बसला, बरोबर गावची दोन जाणती माणसं. तात्याबा दुष्ट नव्हता. ब्रह्मचारी माणूस, साथीच्या वर्षी त्यानं एकट्यानं गावातली मढी उचलली होती. गुन्हा गेनूनं आपल्या अंगावर घ्यावा, असं त्यानं शांतपणे समजावून सांगितलं. सोळाच्या आतल्या पोराला सरकार तुरुंगात घालत नाही. मुरारी त्यापुढचा, त्याला फाशी होईल नाहीतर जन्मठेप. गेनूला पुण्याला पोरांच्या जागेत ठेवतील, शिवणकाम शिकवतील, दोन वेळ जेवायला घालतील. चार महिन्यांत पोरगं हुन्नर शिकून घरी. त्यातलं एकही वाक्य त्यानं फसवायला म्हणून उच्चारलं नाही. त्याला खरंच तसं वाटत होतं, बरोबरच्या दोघांनाही वाटत होतं. कोर्टाची पायरी त्यांच्यातल्या कुणी चढली नव्हती.

गेनूला आधीच तालमीत नेऊन कुस्तीच्या हौदातल्या मातीवर हात ठेवायला लावला होता. त्या मातीवर शब्द दिला की फिरवायचा नाही, हे पोरांना पहिल्या दिवशी शिकवलेलं. गेनू दाराच्या चौकटीला टेकून आईकडे बघत होता. ती काय म्हणते त्यावर सगळं होतं, हे त्यालाही कळत होतं. गवराबाईनं हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. तो होकार धरून ओट्यावरची माणसं उठली.

पुढच्या बुधवारीही चरवी उंबऱ्यावर होती.

गेनूनं मॅजिस्ट्रेटपुढं "मीच मारलं" म्हणून सांगितलं. त्यांनी पुन्हा विचारलं, त्यानं पुन्हा तेच सांगितलं. चार महिने नव्हे, अठरा पुरे होईपर्यंत ठेवायचा हुकूम झाला. तात्याबा कोर्टाबाहेर भिंतीला धरून खाली बसला. पण दिलेला शब्द मोडून आत जाऊन खरं सांगावं, हे त्याला सुचलं नाही. गवराबाईलाही नाही.

ती भेटायला जायची, पदरात शेंगदाण्याचा लाडू बांधून. पहिल्या खेपेला गेनू तिला बिलगून रडला. नंतर एकदा त्यानं विचारलं, मुरारीची कुस्ती झाली का? पुढं कधीतरी त्याच्या भुवईवर टाके होते आणि त्यानं काही विचारलं नाही. लाडू मागे उभ्या असलेल्या थोराड पोराच्या हातात दिला, न सांगताच, रोजचं काम असल्यासारखा. शेवटी म्हणाला, तू येऊ नको, पोरं मला आईचं बाळ म्हणतात.

मुरारीनं पुढल्या साली चाकणला मोठी कुस्ती मारली. फेटा बांधून, हलगीच्या तालावर त्याला गावात आणला. गवराबाईच्या दारात तो पाया पडायला थांबला. ती गोठ्यात म्हशीच्या आडोशाला जाऊन बसली आणि हलगी वेशीपर्यंत पोचली तेव्हा बाहेर आली. त्यानंतर तिच्या घरचं दूध तालमीत गेलं नाही. बाई कद्रू झाली, असं गाव म्हणालं. पुढं मुरारीचा गुडघा निखळला आणि पैलवानकी संपली. पोट सुटलं, लग्न झालं, पोरं झाली. एवढ्यासाठी गेनू गेला होता.

छप्पन्न साली गेनू परत आला. शिवणकाम आलं नव्हतं. कमरेला चाकू होता आणि हसणं तोंडाच्या एकाच बाजूनं. बारा-तेरा वर्षांची पोरं त्याच्याभोवती गोळा झाली. खून केलेला माणूस त्यांनी इतक्या जवळून कधी पाहिला नव्हता. त्यांनी ज्योतीरामबद्दल विचारलं की गेनू नुसता मिशीवरून बोट फिरवायचा. न केलेल्या खुनावर त्याची सगळी वट होती. आपलं नाव सोडवून घ्यायची आता त्याला गरजच उरली नव्हती, आणि ते बघून गवराबाईला पहिल्यांदा त्याची भीती वाटली.

पिंपरीत तेव्हा नवे कारखाने उभे राहत होते, रस्त्याकडेला चहाची दुकानं लागली होती. गेनू पोरांचं टोळकं घेऊन तिथं बसायचा, भजी खायचा आणि पैसे न देता उठून चालू लागायचा. एका दुपारी दुकानातला अर्जुन नावाचा पोऱ्या, तेराच्या आसपासचा, फडकं मारता मारता सगळ्यांदेखत बोलून गेला, "खुनी म्हनं. कोंबडी तरी कापलीस का कवा?"

टोळक्यातलं एक पोरगं फिस्सकन हसलं. गेनूनं चाकू काढून त्या पोऱ्याच्या पोटात घातला.

घरी येऊन तो कणगीमागं बसला. गवराबाईनं त्याचे हात पाहिले. काय झालं ते त्यानंच सांगितलं, आणि सांगताना आवाज जराही कापला नाही. अर्जुन जगणार की मरणार, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं.

फौजदार पोचायच्या आत तात्याबा पोचला. थकला होता, काठी टेकत आला होता, डोळ्यांत पाणी होतं. म्हणाला, "वैनी, भिऊ नगंस. गेनू दिसभर तालमीत व्हता, आसं मी सांगतो. गाव माज्या मागं हाय. मागल्या बारीला चुकलो, आता तुजं पोरगं वाचवतो."

गवराबाईनं त्याला एवढंच विचारलं, की ज्याला भोसकलं त्याला आई आहे का. तात्याबाला ते माहीत नव्हतं.

फौजदार शिपाई घेऊन आला. ओट्यासमोर माणसं जमली. तात्याबानं आपलं वाक्य पाठ केल्यासारखं म्हटलं. जमलेल्यांनी माना डोलावल्या. त्यांत मुरारीही होता. कणगीमागं गेनू ऐकत होता. फौजदारानं वहीत काही लिहिलं नाही. तो गवराबाईकडे वळला आणि म्हणाला, "बाई, तुम्ही सांगा. कुठं होता तुमचा मुलगा?"

तात्याबा तिच्याकडे बघत राहिला. या खेपेलाही ती गप्प बसली असती तरी चाललं असतं. पदराचं टोक तिच्या बोटांत होतं. ते तिनं सोडलं.

"सायब, ज्योतीरामला माज्या गेनूनं मारलं न्हवतं. तवा समदं गाव म्हनलं त्यानंच मारलं, आन मी आई आसून गप ऱ्हायले. ह्या पोराला त्यानंच भोसकलंय. आत हाय. घिऊन जा."