पर्सी शनिवारी हसतो

थॉर्नसीच्या किनाऱ्यावर पर्सी ब्लँचर्डने उभी हयात डेकचेअरी, म्हणजे घडीच्या कापडी खुर्च्या, मांडण्यात घालवली. लोक मजा करायला येत, आणि हा त्यांना खुर्ची उघडून देताना असा चेहरा करी की जणू त्यांच्या घरी कोणी गेलंय आणि हा भेटायला आलाय. माणूस चांगला होता. दारू बेताची, पगार घरात, बायकोवर कधी आवाज नाही. फक्त हसायचा नाही. आयव्हीने, त्याच्या बायकोने, लग्नाच्या पहिल्या काही वर्षांत फार खटाटोप केला. ती शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती, तिथले किस्से रंगवून रंगवून सांगायची. पर्सी ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "असं होय." शेवटी तिने नाद सोडला. माणूसच तसा, असं तिने स्वतःला सांगितलं आणि ते तिला पटलंही.

सप्टेंबरात हंगाम संपला, खुर्च्या गोदामात गेल्या आणि त्याच आठवड्यात पर्सी गेला. हृदयच ते, सांगून थोडंच थांबतं.

ऑक्टोबरात टीव्हीवर पिअरवरचा, म्हणजे समुद्रात गेलेल्या लांब धक्क्यावरचा, शो सुरू झाला. उन्हाळ्यात रविवारी रविवारी पिअरच्या टोकावरच्या थिएटरात तो चित्रित झाला होता. नाचणाऱ्या पोरी, एक जादूगार, एक जाडा गवई आणि दर वेळी नवा विनोदवीर. पर्सी एकदा जाऊन आला होता. कसा होता विचारलं तर म्हणाला होता, "बरा होता. खुर्च्या मात्र चांगल्या आहेत."

पहिल्या शनिवारी पर्सीची बहीण ग्लॅडिस सोबतीला आली होती. दोघी चहा आणि सॅमनची सँडविचेस घेऊन बसल्या. विनोदवीराने सासूवरचा एक जुनाट विनोद टाकला, कॅमेरा प्रेक्षकांकडे वळला आणि तिथे पर्सी होता. हसत होता. साधंसुधं नाही, डोळ्यांतून पाणी, हात मांडीवर आपटतोय, मान मागे. शेजारी पिवळं स्वेटर घातलेली एक बाई, तीही त्याच्याकडे बघून हसतेय.

ग्लॅडिस रडायलाच लागली. आयव्हीला रडू आलं नाही. तिला काही कळेचना. सासूचा विनोद? हिची सासू तर पर्सीची सख्खी आई, आणि तिच्याबद्दल तो चकार शब्द ऐकून घेत नसे.

दुसऱ्या शनिवारी विनोदवीर दुसरा, विनोद बोलणाऱ्या पोपटाचा. पर्सी पुन्हा तिथेच, तसाच हसत, शेजारी तीच बाई. तिसऱ्या शनिवारीही तेच. म्हणजे हा एकदा नव्हे, दर रविवारी जात होता. डॉमिनो खेळायला क्लबात जातो असं सांगून. अंगात तोच निळा पुलओव्हर, पण त्यात नवल ते काय, चांगला असा त्याच्याकडे तोच एक होता. आणि दर वेळी तीच बाई शेजारी, म्हणजे तोही योगायोग नव्हे. आयव्ही रात्र रात्र कूस बदलत राहायची. बाईपेक्षा तिला ते हसणं जास्त लागलं होतं. बाहेर इतकं हसून हा माणूस घरी येताना ते सगळं दाराबाहेर ठेवून यायचा. म्हणजे आपल्याच घरात याला हसू येत नव्हतं. आपल्याशी संसार करून हा सुखी नव्हता की काय? आणि आता विचारायचं कोणाला?

ग्लॅडिसने बाईला ओळखलं. दक्षिण टोकाला उकडलेल्या तिसऱ्या, शिंपल्या, विकणारी फ्रीडा स्कॅटरगुड. "पण तू जाऊ नकोस," ग्लॅडिस म्हणाली. "गेलेल्या माणसाची झाकली मूठ राहू दे."

आयव्ही दुसऱ्याच दिवशी गेली. टपरी हंगामापुरती, म्हणून तिने मागचं घर गाठलं. फ्रीडाने दार उघडलं, तिच्याकडे नीट पाहिलं आणि आत बसवलं. आयव्हीने कोट काढला नाही, चहाला हात लावला नाही. माझा नवरा दर रविवारी तुझ्याबरोबर असायचा का, असं तिने सरळच विचारलं.

फ्रीडाने सांगितलं की पर्सी एकदाच आला होता, आणि तीही एकदाच गेली होती. टीव्हीवाले लोकांचं हसणं आधीच वेगळं चित्रित करून ठेवतात. स्टेजवर कुणीही नसताना. मग जिथे विनोद पडेल तिथे ते चिकटवतात.

"म्हणजे तो सासूला हसला नाही?"

"कुणाला हसतोय, बाई. पावसात ताटकळून आमचे चेहरे सुतकी झालेले. तो निवेदक म्हणाला, शेजाऱ्याला काहीतरी गंमत सांगा. मी तुमच्या मिस्टरांना म्हटलं, सांगा काहीतरी. तर त्यांनी तुमचीच गोष्ट काढली."

"माझी?"

"पहिल्यांदा भेटलात तेव्हाची. ते मदतीला आले तर तुम्ही म्हणे त्यांना हाकलून लावलंत, मला येते खुर्ची लावता. आणि बसलात तर ती मिटली, तुम्हाला आत घेऊन. नुसते पाय बाहेर. ते काढायला धावले तर आतून तुम्ही काय म्हणालात, की मी आरामात आहे, तुम्ही जा. आणि तिथेच सँडविच खाल्लंत." फ्रीडाला सांगता सांगता हसू फुटलं. "त्यांना गोष्ट पुरी करता येईना. म्हणाले, अजून घरात तशीच आहे आमची आयव्ही. तेवढ्यात कॅमेरा वळला."

आयव्हीला रागवावं की काय करावं ते सुचेना. त्या दिवशी पर्सीच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नव्हती. गंभीरपणे त्याने खुर्ची उघडली होती आणि दुखापत झाली का विचारलं होतं. त्याला त्यात हसण्यासारखं काही दिसलंच नाही, असं समजून तर ती त्याच्याशी पुन्हा बोलली होती. आपली लाज राखायला हा माणूस जन्मभर हसू गिळून बसला. आणि सांगितलं कुणाला, तर तिसऱ्यावालीला. तिने थंड झालेला चहा पिऊन टाकला आणि फ्रीडाला ती गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावली.

त्या शनिवारी गाण्याचा आणि कुत्र्यांच्या कसरतीचा खेळ होता. एक कुत्रा चुकून स्टेजच्या पडद्यात अडकला आणि टीव्हीवर पर्सी आला, मांडीवर हात आपटत, डोळे पुसत. ग्लॅडिसने रुमाल काढला. आयव्ही खुर्चीत पुढे सरकली, कान लाल झालेले.

"पुरे आता, पर्सी," ती म्हणाली. "सगळा देश बघतोय."